तिथे तुम्ही खाता तरी काय?

शिकागोला पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच. विचारणारी कधी पुण्याहून आलेली मावसबहीण असते, कधी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेलं नवं जोडपं. "तुम्ही तर अंडंसुद्धा खात नाही ना? मग दर आठवड्याला त्या मेक्सिकन खानावळीत जाऊन खाता तरी काय?" आवाजात अर्धी काळजी, अर्धा संशय. बाई बाटली की काय! तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बाटल्याची गोष्टही त्यातच आली.

खानावळ पिल्सेनमध्ये आहे, १८व्या रस्त्यापासून दोन मिनिटांवर. या वस्तीला नाव दिलं चेक लोकांनी, त्यांच्या बोहेमियातल्या शहराचं. १९६०च्या दशकात शेजारच्या भागात विद्यापीठ उभं करायला घरं पाडली, तेव्हा तिथली बरीच मेक्सिकन कुटुंबं उठून इकडे आली. त्यामुळे इमारतींच्या माथ्यावर युरोपातली नक्षी आणि खाली दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये. आमच्या खानावळीत टेबलं आठ, भिंतीवर ग्वादालूपेची माता, कोपऱ्यातल्या टीव्हीवर फुटबॉल आणि प्रत्येक टेबलावर लिंबाच्या फोडींची वाटी. न मागता लिंबू मिळतं म्हटल्यावर माझा निम्मा जीव तिथेच जडला.

मालकीण मिचोआकान राज्यातली. आम्ही तिला सेन्योरा म्हणतो, ती मला 'मिहा' म्हणते, म्हणजे पोरी. मी पन्नाशीला आले, पण म्हणो बिचारी. तिच्या मुलखाची ख्याती कार्नितासची: तांब्याच्या मोठ्या कढईत डुकराचं मांस त्याच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं. शनिवार-रविवारी लोक ते पौंडावर बांधून नेतात. दार उघडलं की पहिला तोच वास. माझ्या नवऱ्याचे पाय त्या वासानेच तिथे वळले, मी आपली मागून गेले.

पहिल्या दिवशी मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, "सिन कार्ने." मांस नको. तिने मान डोलावली आणि घोटून परतलेल्या राजम्यासारख्या कडधान्याचा, म्हणजे फ्रिहोलेसचा, मऊ गोळा, तांबूस भात आणि गरम तोर्तिया, म्हणजे त्यांच्या पातळ भाकऱ्या, आणून ठेवल्या. काय चव होती! असली खरपूस, घरच्यासारखी चव मला ऑफिसजवळच्या 'व्हेज बरिटो'त कधी लागली नव्हती. सहा महिने मी दर शनिवारी बोटं चाटत तेच खाल्लं. एक दिवस ऑफिसातल्या मेक्सिकन मैत्रिणीपुढे त्याची तारीफ केली, तर ती हसायलाच लागली. "अगं, ती चव मान्तेकाची!" स्पॅनिशमध्ये मान्तेकिया म्हणजे लोणी आणि मेक्सिकोत मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. नुसत्या शेपटाचा फरक. कार्नितासच्या कढईत चरबी उरते ती फेकणार कोण? तिच्यातच फ्रिहोलेस परततात. आणि भात? तो कोंबडीच्या पाण्यात.

खोटं मला कुणी सांगितलं नव्हतं. बोलीत 'कार्ने' म्हटलं की गाय-डुक्कर. कोंबडी म्हणजे 'पोयो', ती वेगळी मोजायची. आणि चरबी हे मांस नव्हेच, ते तेलाच्या जागी. आपल्याकडेही लग्नाच्या पंगतीत "कांदा-लसूण नाही ना?" असं विचारल्यावर "नाही नाही, थोडासाच आहे" म्हणणारे आचारी असतात. चूक माझी होती. मी विचारलंच नव्हतं.

तीन आठवडे गेले नाही. आईला फोनवर सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. मग एक पूर्ण वाक्य पाठ करून गेले: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मान्तेका नाही, कोंबडीचं पाणी नाही. सेन्योराने हात पुसत ऐकून घेतलं. शेवटी तिने एकच विचारलं, "कुआरेस्मा?"

कुआरेस्मा म्हणजे ईस्टरआधीचे त्यांचे चाळीस दिवस. त्यात शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, हो, तसंच काहीसं, पण माझी जन्मापासून सुरू आहे. ती मोठ्याने हसली आणि आत नवऱ्याला ओरडून सांगितलं की या बाईची कुआरेस्मा जन्माची आहे. त्या दिवसापासून माझं तिथलं नाव तेच.

आता खाते काय ते ऐका. फ्रिहोलेस खातेच, पण 'दे ला ओया', म्हणजे थेट हंडीतले. चरबीत पडण्याआधी ते नुसतं पाणी, कांदा, मीठ आणि एपासोते नावाच्या उग्र पाल्यात शिजलेले असतात. आपण हिंग घालतो त्याच कारणासाठी ते हा पाला घालतात. वर बारीक कांदा, मिरची आणि लिंबू. पातळ आमटीसारखं वाटीनेच प्यायचं. नोपालेस, म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाच्या काटे काढलेल्या फडी, तव्यावर भाजून. भेंडीसारख्या बुळबुळीत आणि चवीला आंबटसर. भोपळ्याची फुलं आणि चीज घातलेली केसादिया, म्हणजे दुमडून भाजलेली तोर्तिया. आणि वेर्दोलागास. पहिल्यांदा ताटलीत पाहिली तेव्हा मी चमचा खाली ठेवला. ही तर घोळ! साताऱ्याला आजी बांधावरून उपटून आणायची, ताकातली पातळभाजी करायची. इथे ती हिरव्या टोमॅटिओच्या आंबट रश्शात असते. एरवी त्यात डुकराचं मांस घालतात, माझ्यासाठी सेन्योरा बटाटा घालते.

भरलेल्या मिरचीचंच बघा. चिले रेयेनोला फेसलेल्या अंड्याचं आवरण असतं, ते मला चालत नाही. म्हणून ती पोब्लानो मिरची थेट जाळावर धरते, काळी पडली की फडक्यात गुंडाळते, आपण वांगं भाजून सोलतो तशी सोलते, एका बाजूने चिरून बिया काढते, चीज भरते आणि तशीच नागडी तव्यावर ठेवते. 'नागडी' हा शब्द तिचाच. (चीजमधल्या रेनेटचं, म्हणजे दूध फाडायला वासराच्या पोटातून काढतात त्या विरजणाचं, विचारू नका. मी नाही विचारलेलं. आणि तवा सगळ्यांना एकच आहे. हे ज्यांना चालत नाही त्यांनी खरंच येऊ नये, नंतर घरी येऊन आंघोळ करण्यात अर्थ नाही.)

मैद्याच्या तोर्तियांतही पुष्कळदा चरबी असते. मक्याच्या निर्धास्त खा: त्यात मका, पाणी आणि चुना. हो, पानाला लावतो तोच चुना. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवायचे, सकाळी सालं सुटतात, मग दळायचे. सातारच्या घरी मक्याची भाकरी थापताना आईची निम्मी भाकरी परातीत आणि निम्मी तव्यावर असायची, कारण कोरड्या पिठाला चिकटपणाच नाही. चुन्याने तो येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्वही अंगी लागतं. युरोपने मका नेला, पण चुन्याची ही रीत नेली नाही. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन न मिळाल्याने होणारा आजार, होऊ लागला. सेन्योराकडे तोर्तिया फडक्यात गुंडाळून टोपलीतून येतात, भाकरीसारख्याच. तव्यावर तिसऱ्यांदा उलटल्यावर ती बोटांनी हलकेच दाबते आणि तोर्तिया टम्म फुगते. फुगली की मुलगी लग्नाची झाली, असं त्यांच्याकडे म्हणतात. माझी एकदाही फुगलेली नाही. "मग तुझं लग्न झालं कसं?" सेन्योराने विचारलं. नवरा कार्नितासमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मलाही कळलेलं नाही."

माझा खरा हंगाम कुआरेस्माच्या शुक्रवारांचा. तेव्हा माझ्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, अख्खी खानावळच माझ्या पंगतीला येते. कापिरोतादा होते: शिळा पाव, दालचिनी-लवंग घातलेला पिलोन्सियोचा पाक, शेंगदाणे, बेदाणे आणि वर चीज. पिलोन्सियो म्हणजे गूळच, शंकूच्या आकाराचा. शिळ्या पोळीचा गूळ-तुपातला लाडू आठवा आणि त्यावर चीज टाका. ऐकायला विचित्र वाटतं, पण मी दोन वाट्या खाते.

बिल कुणी आपणहून आणून ठेवत नाही. ते मागावं लागतं, नाहीतर तुम्ही संध्याकाळपर्यंत बसा. जाणारे अनोळखी लोक आपल्या टेबलाशी क्षणभर थांबून "प्रोवेचो" म्हणतात, म्हणजे अंगी लागो.

गेल्या मार्चात मावसबहीण आली होती. शुक्रवार नव्हता, शनिवार होता, दारातच कार्नितासचा वास. तिने पदर नाकाला लावला आणि माझा हात घट्ट धरला. बसल्यावर मेन्यू उघडायलाही तयार नव्हती. सेन्योरा बाहेर आली, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उंचावून विचारलं, "कुआरेस्मा?"

मी मान हलवली. ती वळून स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडली, "दोस!"

"काय म्हणाली गं?" बहिणीने विचारलं.

"दोन ताटं म्हणाली."