झडपेतून मेंदूपर्यंत

आज मावसभावाची अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी स्क्रीनवर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं दाखवलं. अगदी टोकाकडच्या एका बारीक फांदीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा. तो बघून पोटात गोळाच आला.

मूळ दुखणं मेंदूचं नाहीच. हृदयाची एक झडप त्याची लहानपणापासूनच खराब. तिच्यावर जिवाणू वाढले, म्हणजे एन्डोकार्डायटिस. तिथला कण सुटून रक्ताबरोबर मेंदूत गेला, अडकला आणि संसर्गाने रक्तवाहिनीची भिंत पोखरली. पोखरलेली भिंत रक्ताच्या दाबाने फुगते, आणि फुटली की मेंदूत रक्तस्राव. एरवीचे अ‍ॅन्युरिझम (रक्तवाहिनीवरचे फुगवटे) बहुधा मेंदूच्या तळाशी, मोठ्या वाहिन्यांना फाटे फुटतात तिथे होतात. हे असे टोकाला सापडतात.

अंगात बारीक ताप, घाम, वजन उतरलेलं, हे कितीतरी दिवस चाललं होतं. दरवेळी थोड्या अँटिबायोटिक गोळ्या, की ताप गायब, मग पुन्हा हजर. याचा मला खरंच राग येतो. झडपेचा आजार असलेल्या माणसाला असा रेंगाळणारा ताप असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जिवाणू आहेत का ते बघणारी तपासणी) करायला सांगा, हात जोडून सांगते. आधी गोळ्या घेतल्या की जिवाणू कल्चरमध्ये सापडणं अवघड होतं.

आता शिरेतून अँटिबायोटिक, साधारण 4 ते 6 आठवडे. मध्येमध्ये पुन्हा तपासणी. काही फुगवटे औषधानेच विरतात. वाढला तर कॉइल (बारीक तारेची गुंडाळी) घालून किंवा ऑपरेशन करून बंद करावा लागेल. झडपेचं काय करायचं ते हृदयाचे डॉक्टर उद्या सांगणार आहेत.