मावशीचा सहा तासांचा लेओव्हर

मंगळवार, रात्र

मावशी कोचीला नीट पोचली, आत्ताच तिच्या लेकीचा मेसेज आला, आता निवांत लिहिते. नागपूरहून कोचीला जाताना तिचा इथे नवी मुंबईला सहा तासांचा लेओव्हर होता आणि फोनवर ती म्हणत होती, "मी एअरपोर्टवरच बसून राहीन गं, तू कशाला धावपळ करून राहिली." मी म्हटलं अजिबात नाही, आपल्या गावावरून आपलं माणूस जातंय आणि त्याने फक्त खुर्च्या आणि कॉफीचा काउंटर बघून जायचं हे मला पटतच नाही. आमचं शहर लोकांना कायम मुंबईच्या वाटेवरचं वाटत आलंय, विमानतळ सुरू झाला २५ डिसेंबर २०२५ ला पण लोक अजून तेच म्हणतात, उतरलं की गाडी पकडा आणि मुंबई गाठा.

आमचे हे पण तेच सुचवत होते, अटल सेतूवरून गेटवेला नेऊन आण म्हणून. सेतू २१.८ किलोमीटर, तो भुर्रकन पार होतो, पण शिवडीला उतरल्यावर पुढचं ट्रॅफिक कोणाच्या हातात? आणि सहा तास म्हणजे काही सहा तास नसतात. उतरून बाहेर यायला अर्धा-पाऊण तास, परत दीड-दोन तास आधी पोचायचं, म्हणजे खरे हातात राहतात साडेतीन. त्यात एक गोष्ट नीट बघायची, एकदा नीट जेवायचं, बास. तिची दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये होती म्हणून बॅग परस्पर कोचीला गेली आणि ती फक्त पर्स घेऊन बाहेर आली, हे फार बरं झालं. तिकिटं वेगवेगळी असती तर बॅग घ्या, परत द्या, आणि काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, मग मी हा घाट घातलाच नसता.

गाडीत बसल्या बसल्या तिने विचारलं, हे दि. बा. पाटील कोण गं, सगळे या विमानतळाला त्यांचंच नाव घेतात. मला असं कोणी विचारलं की राहवत नाही, सगळं सांगितलं. जासईचे दिबा, नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत मिळायला लागले. २४ जून २०२१ ला, दिबांच्या स्मृतिदिनीच, विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून सिडकोला घेराव घातला होता, एवढे लोक रस्त्यावर आले होते की मी अजून विसरले नाही. आणि जिथे तुझं विमान उतरलं ना मावशी तिथे उलव्याची टेकडी होती, ती कापून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. मावशी थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, त्यांच्या देवळांचं काय झालं गं? मला ते विचारणं फार आवडलं, कारण गाव उठलं की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पहिल्यांदा देवळाचंच येतं.

एक गोष्ट बघायची म्हणजे रोहित पक्षी, फ्लेमिंगो, हे माझं आधीच ठरलं होतं. पण ते कधीही जाऊन दिसत नाहीत, भरती बघावी लागते. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा ते तिकडे लांब पसरलेले असतात, भरतीने चिखल बुडाला की सीवूड्सच्या आतल्या पाणथळींवर येतात. आणि भरतीचा आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. आज वद्य द्वितीया, दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला पूर्ण भरती. आम्ही एक वाजता सीवूड्सच्या एनआरआय वसाहतीच्या मागे पोचलो आणि तोवर थवे यायला लागले होते.

लांबून नुसता गुलाबी पट्टा दिसतो. मग एकेक दिसायला लागतो, कोणी एका पायावर मान पिसांत खुपसून झोपलेला, कोणी उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखल गाळत हळूहळू चालतोय, आणि थवा उठला की पंखाखालचा तो गडद गुलाबी आणि काळा रंग एकदम उघडतो. मावशीने फोन काढला आणि परत ठेवून दिला, नुसती बघत बसली. हे पाणी बुजू नये, भरतीची वाट अडू नये म्हणून इथली माणसं वर्षानुवर्षं भांडतायत आणि त्यांनी भांडलंच पाहिजे, मी पण जाते जमेल तेव्हा.

जेवायला आमच्या शेजारच्या काकूंकडे. आगरी घर, मावशी गुरुवार पाळते, मंगळवार नाही, त्यामुळे जमलं. काकू तांदळाचं पीठ गरम पाण्यात मळून पाण्याच्या हाताने परातीत भाकरी थापत होत्या, काठ इतका पातळ की खालची परात दिसावी, सोबत कोळंबीचं कालवण आणि सुका जवळा. सावजी खाणारी बाई ती, तिखटाला घाबरेल कशाला, उलट मसाल्यात काय काय घालता ते विचारून कागदावर लिहून घेतलं, काकूंनी वर बरणीभर मसाला बांधून दिला.

साडेतीनला उलव्याच्या गेटवर सोडलं, वाटेत बेलापूर किल्ल्याचा बुरूज गाडीतूनच दाखवला. पावणेचारला फोन आला, सिक्युरिटी झाली, मसाला पण आत गेला.

परतीला मात्र तिचा थांबा तीनच तासांचा आहे, त्यात बाहेर फिरायचं नाही असं ठरवलंय, मीच भाकरी आणि सुकटीचा डबा घेऊन अरायव्हलला जाणार. काकूंना आत्ताच सांगून ठेवलंय.