प्रतिज्ञा, चार भाषांत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी पत्र आलं, लिहायला बसलो आणि सरांपाशीच अडकलो. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. 'छत्रीवाले सर' म्हटलं की आपल्यापैकी कोणाला नाव सांगावं लागत नाही.

आठवीत आमच्या वर्गात सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला एक मुलगा होता. वडील मागावर, घरी तेलुगू. प्रतिज्ञेच्या वेळी तो नुसते ओठ हलवायचा. मॉनिटरनं तक्रार केली. आता छडी निघणार म्हणून आम्ही सरसावून बसलो, तर सर म्हणाले, "घरी बोलतोस तसं म्हण की रे." तशी त्याला कुठं येत होती! दुसऱ्या दिवशी तेलुगू शाळेतल्या चुलतभावाकडून उतरवून आणली आणि मान खाली घालून वाचली, "भारतदेशम् ना मातृभूमि, भारतीयुलंदरू ना सहोदरुलु." मागच्या बाकावर दोघं फिदीफिदी हसले. "शनिवारपर्यंत तुम्ही दोघांनी ही पाठ करायची," सर एवढंच बोलले. शनिवारी त्या दोघांचे उच्चार ऐकून पूर्व भागातली पोरं पोट धरून हसली. तेही सरांनी हसू दिलं. मग कन्नड आली, उर्दू आली.

ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूतच लिहिलेली, हे मला फार उशिरा कळलं. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या सरकारी अधिकाऱ्यानं १९६२ साली विशाखापट्टणमला ती लिहिली. ज्याला येत नाही म्हणून तक्रार झाली, त्याच्याच घरच्या भाषेत!

एकदा कोणीतरी विचारलं, "सर, परंपरांचा अभिमान म्हणजे सगळ्याच परंपरांचा का?" सर म्हणाले, "सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज ही परंपरा. पाणवठे वेगळे ठेवायचे, तीही परंपराच होती. पहिली सांभाळ. दुसरी मोडणाऱ्यांचा अभिमान धर." परीक्षेत हे कधी आलं नाही. दर १२ जानेवारीला ते आम्हाला हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायचे आणि नावं मोठ्यानं वाचायला लावायचे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर या चौघांना १९३१ साली येरवड्यात फाशी झाली. त्यावर भाषण वगैरे काही नाही. नावं झाली की परत शाळेत.

आज हैदराबादेत माझा टॉवेल निर्यातीचा व्यवसाय आहे, चांगला चाललाय. तिथल्या व्यापाऱ्यांशी मी तेलुगूत घासाघीस करतो, आणि सोलापूरचा माणूस म्हणून ते मला दोन पैसे कमीच लावतात. (निदान मला तसं वाटतं.) पण सोलापुरात आलो की करमत नाही. गिरण्यांचे भोंगे कधीच बंद झाले. मिरवणुकीत डॉल्बी छातीत धडधडतो आणि त्यालाच संस्कृती म्हणून दटावून सांगतात. माझ्या पुतण्यांना शेजाऱ्याच्या भाषेतलं एक वाक्य येत नाही. आमच्या वर्गात चाळीस पोरांना चार भाषांत देशाचं नाव घेता येत होतं. ते काही आपोआप झालं नव्हतं, एका मास्तरनं ते शनिवारी शनिवारी घडवलं होतं.

स्मरणिका समितीला एक विनंती. पहिल्या पानावर प्रतिज्ञा मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशी चारही भाषांत छापावी, आणि समारंभात ती मुलांनीच म्हणावी, पाहुण्यांनी नको. जादा पानाचा खर्च माझ्याकडून घ्यावा.