गूल्डच्या शेजारी, ओल्या बाकावर

"मावशी, टोपी नीट कर ना, फोटोत कशीतरीच दिसतेयस," भाची ओरडली. मी शेजारी पाहिलं, तर ग्लेन गूल्डची टोपी माझ्याहून गबाळी होती.

टोरांटोच्या फ्रंट स्ट्रीटवर सीबीसीची, म्हणजे तिकडच्या आकाशवाणीची, इमारत आहे. तिच्या बाहेर फुटपाथवर ब्राँझचा बाक आणि त्यावर ब्राँझचाच गूल्ड, कॅनडाचा जगप्रसिद्ध पियानोवादक, अंगात जाड कोट, पायावर पाय टाकून बसलेला. रूथ अ‍ॅबर्नेथी या शिल्पकर्तीने १९९९ मध्ये तो घडवला. सकाळी पाऊस पडून गेल्यामुळे बाक ओला होता. मी ओढणीने पुसला आणि टेकले. ऑक्टोबरातला वारा असा होता, की एकदाचा त्याचा तो कोट मला पटला. हा माणूस भर उन्हाळ्यातही कोट, मफलर, हातमोजे घालून हिंडायचा. फ्लोरिडात एकदा बागेतल्या बाकावर असाच बसला असताना पोलिसांनी त्याला भटक्या समजून पकडलं होतं, असं सांगतात. त्याच्याच गावाने त्याला कायमचं बाकावर बसवावं, ही गंमतच.

मी मैफलीत वाढलेली बाई. पियानोतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण टोरांटोशेजारच्या मिसिसॉगाला बहिणीकडे आले तर घरात सकाळ-संध्याकाळ बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचा रतीब. भाची रॉयल कॉन्झर्व्हेटरीच्या ग्रेडच्या परीक्षा देते. गूल्डही त्याच संस्थेत शिकला, अल्बेर्तो गेरेरो या चिली देशातून आलेल्या गुरूकडे. त्याआधी आईकडे. जन्म इथलाच, १९३२चा, तळ्याकाठच्या बीचेस भागातला. भाचीनेच मला त्याने वाजवलेली बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ऐकवली. एक आरिया, म्हणजे मूळ धून, तिची तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. बंदिशीचा मुखडा फिरून हाती यावा तसं.

हे ध्वनिमुद्रण त्याने १९५५ मध्ये न्यूयॉर्कला केलं, वय बावीस. अडतीसेक मिनिटांत सगळं संपतं, इतकी लय चढी. त्या एका तबकडीने तो जगभर पोचला. १९५७ मध्ये मॉस्कोत वाजवायला बसला तेव्हा सभागृह अर्धंमुर्धं रिकामं होतं. मध्यंतरात लोकांनी फोनाफोनी करून ओळखीच्यांना बोलावून घेतलं आणि उत्तरार्धाला जागा उरली नाही. (कॉलेजात आम्ही मैफलीला असंच करायचो, फक्त फोनऐवजी सायकल.)

आणि अशा माणसाने १० एप्रिल १९६४ ला लॉस एंजलिसला कार्यक्रम केला आणि नंतर कधीच लोकांसमोर वाजवलं नाही. वय एकतीस. त्याला श्रोत्यांची गर्दी आखाड्याभोवतीच्या बघ्यांसारखी वाटायची. टाळ्यांवर बंदी आणा, असा लेखही त्याने १९६२ मध्ये लिहिला होता. मला प्रथम याचा रागच आला. दाद नाही तर गाणं कसलं? आपल्याकडे गवई समोरच्या रांगेतल्या एखाद्या 'क्या बात है'वर जागा वाढवतो. पण पुढे अठरा वर्षं तो स्टुडिओत बसून एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, आवडलेले टेक कापून जोडत राहिला. बाखच्या त्या सूक्ष्म विणकामाला एकांत लागत असेल, हे हळूहळू मलाही मान्य झालं. निम्मं मान्य, म्हणू या.

युनियन स्टेशनवरून सबवेने सेंट क्लेअरला गेलो. एकशेदहा नंबरच्या इमारतीत सर्वांत वर तो एकटा राहायचा. दिवसा झोपायचा, रात्री काम करायचा, मित्रांना तासन्‌तास फोन करायचा आणि अपरात्री जवळच्या फ्रॅन्स नावाच्या हॉटेलात जाऊन अंडी खायचा. ते फ्रॅन्स आता नाही. इमारत बाहेरून अगदीच साधी, भाचीने "एवढंच?" असा चेहरा केला.

तिथून माउंट प्लेझंट दफनभूमी चालत जाण्यासारखी. आम्ही मात्र नकाशा उलटा धरून पाऊण तास मेपलच्या पानांतून भलत्याच लोकांची नावं वाचत फिरलो. शेवटी सापडला तो जमिनीलगतचा लहानसा ग्रॅनाईट. त्यावर पियानोची आकृती आणि आरियाच्या सुरुवातीचे स्वर कोरलेले. भाची उकिडवी बसली, ओली पानं बाजूला सारली आणि दगडावर बोट ठेवून स्वर वाचले, "जी, जी, ए, बी..." मग दगडाच्या कडेवर उजव्या हाताने वाजवूनही दाखवले. पानं काढताना तिची नखं काळी झाली होती.

४ ऑक्टोबर १९८२ ला तो गेला, मेंदूच्या झटक्याने. पन्नास वर्षं आणि काही दिवस. मालमत्ता निम्मी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेला, निम्मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला.

त्याची खुर्ची पाहायची राहिली, ती ऑटवाला. वडिलांनी घडीच्या खुर्चीचे पाय कापून जमिनीपासून चौदा इंचांवर आणून दिलेली. चौरंगावर बसावं तसा तो बसायचा, नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकवून. पुढे बैठक फाटून नुसता सांगाडा उरला तरी दुसरी घेतली नाही. आपल्या आजोबांच्या आरामखुर्चीची आठवण झाली.

कॉलेज स्ट्रीटवर फ्रॅन्सची दुसरी शाखा आहे, तिथे त्याच्या नावाने अंडी मागवली. कांदा-मिरची वजा केलेली भुर्जी. पदरचं मीठ-मिरं घालून संपवली. याच कोपऱ्यावर ईटन्सच्या जुन्या दुकानाचं सभागृह, सातव्या मजल्यावर. त्याने तिथे रात्री-अपरात्री कित्येक तबकड्या केल्या.

परतीच्या गो ट्रेनमध्ये भाचीने एक इअरफोन मला दिला, एक स्वतः घेतला. या वेळी १९८१चं 'गोल्डबर्ग' लावलं, जाण्याच्या आदल्या वर्षी त्याने पुन्हा केलेलं. तीच आरिया, पण इतकी विलंबित, की दोन स्वरांमध्ये खिडकीतून एखादं अख्खं घर सरकून जावं. एकूण एक्कावन्न मिनिटं. मी डोळे मिटले.

पोर्ट क्रेडिट यायच्या आधी भाचीने कोपराने ढोसलं. "मावशी, गाऊ नकोस ना, लोक बघतायत."

"मी कुठे गातेय?"

तिने माझ्या ओठांकडे पाहिलं, मग इअरफोन कानात आणखी दाबला.