तुम्ही विचारलंत म्हणून: नदीच का हवी?

‘दक्षिण इराकमधले मँडियन, म्हणजे नदीतल्या स्नानविधीचा छोटा, जुना धर्म पाळणारे लोक, नदीला इतके धरून का? हौदात स्नान केलं तर काय बिघडतं?’ हे तुम्ही नेहमी विचारता. हौद चालतो. साचलेलं पाणी चालत नाही.

त्यांच्या अरामी बोलीत विधीच्या पाण्याला ‘यर्दना’ म्हणतात, म्हणजे जॉर्डन. पण टिग्रिस असो, युफ्रेटिस असो की इराणातली कारून, वाहती असली की ती यर्दनाच. त्यांच्या प्रार्थनास्थळाला ‘मंदी’ म्हणतात. जुनी मंदी म्हणजे बोरू-मातीची झोपडी. तिच्यापुढच्या कुंडाला दोन चर: एकातून नदी आत येते, दुसऱ्यातून बाहेर पडते. चर तुंबला की कुंडातलं पाणी मेलं.

मस्बुता हे स्नान रविवारी होतं, आणि ते ख्रिस्त्यांसारखं जन्मात एकदाच नसतं, पुन्हापुन्हा घेतात. अंगावर पांढरा पोशाख, त्याचं नाव ‘रस्ता’ (आपला चालायचा रस्ता नव्हे). माणूस स्वतः तीन डुबक्या घेतो, मग पुरोहित त्याला तीनदा बुडवतो, कपाळावर तीनदा पाणी लावतो आणि ओंजळीने तीनदा पाजतो. डोक्यावर मेंदीसारख्या पानांच्या मर्टल झुडपाची छोटी मुंडावळ. काठावर आल्यावर तिळाचं तेल, बिनखमिराची भाकरी, नदीचं पाणी आणि उजव्या हातात हात.

खरी अडचण त्या तीन घोटांत आहे. वरची धरणं पाणी अडवतात, खालून आखाताचं खारं पाणी शत्त-अल-अरबमध्ये, म्हणजे टिग्रिस-युफ्रेटिसच्या एकत्र प्रवाहात, चढतं, सांडपाणी वेगळंच. २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात लाखाहून जास्त लोक पाण्याने आजारी पडून दवाखान्यांत गेले. नुसतं अंग बुडवायचं असतं तर निभावलं असतं.

पाण्याइतकीच पुरोहितांचीही वानवा. पुरोहिताला दीक्षा पुरोहितच देतो, त्यामुळे १८३१ च्या पटकीत पुरोहित जवळपास सगळे गेले तेव्हा साखळीच तुटली. उरलेल्या पुरोहितपुत्रांनी ती पुन्हा जोडली. त्यात धर्मांतराने कुणाला आत घेत नाहीत. संख्या वाढायची ती जन्मानेच.

२००३ नंतर अपहरणं आणि खंडणीला कंटाळून बहुतेकांनी इराक सोडला. दागिने घडवणारे बरेच, म्हणून गुंडांची नजर आधी त्यांच्यावर. सिडनीच्या पश्चिमेला नेपियन नदीत आता मस्बुता होतो, आणि तिलाही ते यर्दनाच म्हणतात.