करवंटीचा मऊ डोळा

नारळाच्या करवंटीला तीन डोळे असतात आणि त्यांतला एकच मऊ असतो. नारळ रुजतो तेव्हा कोंब त्या मऊ डोळ्यातूनच बाहेर पडतो. उरलेले दोन कायमचे बंद असतात. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात दिवसाला निदान एक नारळ खवला जातो, त्यामुळे ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. पण परसातल्या कामाशी तिचा काही संबंध आहे हे कळण्यासाठी मला मिरचीची अर्धीअधिक रोपे गमवावी लागली.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपला. त्याआधी, मेच्या पहिल्या आठवड्यात, मी चोवीस करवंट्यांत मिरचीचे बी पेरले होते. नारळ फोडल्यावर ज्या अर्ध्यांकडे डोळे राहिले, त्यांत खिळ्याने मऊ डोळा फोडून घेतला होता; डोळे नसलेल्या अर्ध्यांना भोक पाडायचे म्हणजे हातोडी आणि घाम, म्हणून त्या तशाच भरल्या. बी दहाव्या-बाराव्या दिवशी उगवले, रोपांना पहिली दोन पाने आली आणि पाऊस सुरू झाला. पाणी घालण्याचे कष्ट वाचतील या हिशेबाने मी सगळ्या करवंट्या पागोळ्यांजवळ मांडून ठेवल्या, हा माझा दुसरा शहाणपणा. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तो बिनभोकाच्या करवंट्यांतली रोपे आडवी पडलेली. पाने अजून हिरवी होती, पण मातीला टेकलेल्या जागी देठ तपकिरी होऊन इतका बारीक झाला होता, की कोणी नखाने चिमटा काढून सोडून दिले असावे. शेजारच्या डोळा फोडलेल्या करवंट्यांतली बहुतेक रोपे त्याच पावसात उभी होती. रोपांच्या या मरीला पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे बुरशीवर्गीय सूक्ष्मजीव कारण असतात आणि साचलेले पाणी, कोंदट हवा व दाट पेरणी त्यांना फार मानवते. एकदा देठ बारीक झाला की औषध घालून उपयोग नसतो.

तेव्हापासून घरातले कोणतेही रिकामे भांडे रोपांसाठी घेताना मी आधी त्याचा तळ पाहते. बिनडोळ्यांच्या करवंट्या आता वाळूवर पालथ्या घालून सुताराकडच्या ड्रिलने भोके पाडून घेते आणि प्रत्येक भोकावर सोडणाची, म्हणजे नारळाच्या वरच्या सालीची, चिमूटभर केसरे ठेवते, म्हणजे पाणी जाते पण माती राहते. आमची तांबडी जांभ्याची माती नुसती भरली तर उन्हात विटेसारखी घट्ट होते. म्हणून ती, चाळलेले कुजलेले शेणखत आणि काथ्याचा भुसा सारख्या प्रमाणात मिसळते. हा भुसा मात्र दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्यावा, कारण त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर पेरावे, याहून खोल नको. मुंग्या मिरची-वांग्याचे बी उचलून नेतात, त्यासाठी करवंट्यांभोवती चुलीतल्या राखेचे रिंगण पुरते.

तळानंतरचा प्रश्न मुळांचा. मिरची आणि वांगी यांची रोपे उपटून दुसरीकडे लावली तरी तक्रार करत नाहीत. चार-पाच आठवड्यांनी, खरी चार पाने आली की ती करवंटीतून मातीच्या गोळ्यासकट निघतात. खोलाची मिरची काणकोणच्या डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावरच होते आणि २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिचेही रोप आधी वेगळे करूनच लावतात. भेंडी, काकडी, दोडका यांचे मात्र तसे नाही. भेंडीचे सोटमूळ आणि काकडीची नाजूक मुळे दुखावली की रोप आठ-दहा दिवस रुसून बसते, आणि पावसाळ्यात रुसलेले रोप गोगलगायींच्या तोंडी जाते. म्हणून त्यांच्यासाठी भांडेच असे हवे, की ते रोपासकट जमिनीत जाईल.

या कामासाठी वर्तमानपत्राच्या कागदाचे पेले करण्याचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आमच्या प्रदेशात जूनमध्ये ते पेले आठवड्याभरात लगदा होऊन बसतात आणि त्यांवर पांढरी बुरशी चढते. हिवाळी भाजीच्या वेळी, नोव्हेंबरात, तेच पेले उत्तम चालतात. पावसाळ्यात मी केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, आधार घेते. ज्या सोपटाच्या दोऱ्याने आमच्याकडे अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफतात, त्याचीच रुंद पट्टी चार बोटे उंचीची कापून नळीसारखी वळवायची, त्याच सोपटाच्या दोऱ्याने बांधायची आणि ताटलीत उभी करून मातीने भरायची. तळ नसल्यामुळे भोकाची चिंता नाही, आणि लावताना नळी तशीच खड्ड्यात ठेवता येते. जेवणावळीतून उरलेले पानांचे द्रोणही चालतात. त्यांना तळाशी सुईने नव्हे, बोटाएवढे भोक पाडावे.

अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या वांग्यांना बऱ्या. एक बाजू कापून, दुधाचा वास जाईपर्यंत धुऊन, खालचे दोन्ही कोपरे तिरके छाटले की झाले. मिठाईच्या पारदर्शक डब्यात बी लवकर उगवते, कारण झाकणामुळे ऊब आणि ओल टिकते. पण पहिला कोंब दिसताच झाकण काढले नाही, तर पुन्हा तीच मर. आणि अंड्याची टरफले? त्यांत दोन चमचे माती मावते. छायाचित्रात ती फार गोजिरवाणी दिसतात, एवढेच मी त्यांच्याविषयी म्हणेन.

यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टलाच होती. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधतात त्या चौकटीला, घरची काकडी बांधायची तर पेरणीपासून पहिल्या फळापर्यंतचे पंचेचाळीस ते पन्नास दिवस मागे मोजावे लागतात आणि किडीचे, अतिपावसाचे पंधरा दिवस वर धरावे लागतात; म्हणून सोपटाच्या नळ्यांत काकडी मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणार आहे. त्या दिवसांत वाफ्यात टाकलेले बी पाण्याने कुजते किंवा वाहून जाते, पडवीत ठेवलेल्या नळीत ते सुखाने रुजते. दोन पानांनंतर तिसरे दिसू लागले की नळ्या चार-पाच दिवस पडवीच्या कडेला, उघड्या उजेडात आणि थोड्या शिंतोड्यांत ठेवायच्या आणि मग उघाडीचा दिवस पाहून मांडवाखाली लावायच्या.

रोपे निघाली की करवंट्या रिकाम्या होतात आणि तेव्हा त्या उताण्या टाकून ठेवण्याचा मोह होतो. भोकात माती अडकलेली असली तर त्यांत पाणी साचते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेवढे पाणी पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून मी त्या लगेच धुते, सळईने प्रत्येक भोक मोकळे करते आणि न्हाणीच्या चुलीमागे पालथ्या रचून ठेवते. ज्यांना चीर गेली आहे, त्या तिथूनच चुलीत जातात.