तुम्ही विचारलंत म्हणून: मला टी'प्रिंगच का आवडते

अंतराळयानातल्या भटकंतीच्या जुन्या 'स्टार ट्रेक' मालिकेत एकेका भागापुरत्या येऊन गेलेल्या बायकांपैकी तुमची लाडकी कोण, असं मला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ईडिथ कीलर असते आणि मीही तेच नाव घेईन अशी त्याची अपेक्षा असते. मी टी'प्रिंगचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'ती? ती तर दुष्ट होती ना?' सविस्तर उत्तर एकदाच लिहून ठेवावं म्हणते.

आधी एक खुलासा. 'आपली' पर्सिस खंबाटा या यादीत बसत नाही. मुंबईची पर्सिस, 1965 ची मिस इंडिया, डोक्याचा चकोट करून 1979 च्या चित्रपटात इलिया झाली. तिचं कौतुक आहेच, पण तो चित्रपट होता. आपण बोलतोय ते 1966 ते 1969 या काळात अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर लागलेल्या 79 भागांबद्दल, जे ऐंशीच्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवरही लागले.

त्या मालिकेत पाहुण्या बाईची अवस्था जरा बिकटच असे. साधारण सहा दिवसांत एक भाग चित्रित व्हायचा, आणि प्रत्येक भाग आपापल्या जागी संपायला हवा असा वाहिन्यांचा आग्रह असे. भाग पुढेमागे लावले तरी प्रेक्षकाचं अडू नये, हा हिशेब. त्यामुळे पन्नास मिनिटांत यानाचा कॅप्टन कर्क कितीही प्रेमात पडला, तरी पुढच्या आठवड्यात तो मोकळा हवा. म्हणजे ती बाई मरणार, नाहीतर आपल्या ग्रहावर राहणार, नाहीतर भलत्याच कुणाबरोबर निघून जाणार. कॅमेरामन जेरी फिनरमन तिच्या चेहऱ्यावर तो धूसर, मऊ प्रकाश टाकायचे आणि वेशभूषाकार विल्यम थाइस तिला असे कपडे द्यायचे की आता सुटतात की मग सुटतात असं वाटावं. एवढ्या सरंजामात स्वतःचं काही म्हणणं मांडून जायचं म्हणजे सोपं काम नव्हतं.

ईडिथ कीलर लोकांना का आवडते हे मला कळतं. 6 एप्रिल 1967 ला लागलेला तो भाग हार्लन एलिसन यांनी लिहिला आणि जोन कॉलिन्सने ती भूमिका केली. कर्क आणि मंडळी भूतकाळात जाऊन पोचतात ते 1930 सालचं मंदीतलं न्यू यॉर्क, भुकेल्यांना सूप देणारं एक मिशन आणि ते चालवणारी ही बाई. सूप पिणाऱ्या बेकारांना ती सांगते की माणूस एक दिवस अणूतली शक्ती कामाला लावेल, ताऱ्यांपर्यंत जाईल, तोवर तग धरा. पंचाईत अशी की ती जगली तर तिच्या शांततावादी चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरते आणि जर्मनी जिंकते. म्हणून मोटारीखाली येऊन तिला मरावं लागतं, आणि तिला वाचवायला धावणाऱ्या यानाच्या डॉक्टर मॅकॉयला कर्कच धरून ठेवतो. मालिकेच्या उत्तम भागांच्या बहुतेक याद्यांत हा भाग वरच असतो. 1968 चा ह्यूगो पुरस्कारही त्यालाच मिळाला. गंमत म्हणजे त्या वर्षी त्या विभागातली पाचही नामांकनं 'स्टार ट्रेक'चीच होती आणि हरलेल्या चारांत टी'प्रिंगचा भाग होता.

पण ईडिथबद्दल माझी एक तक्रार आहे. तिच्या मरणाचा निर्णय कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक हे दोन पुरुष करतात आणि तिला त्यातलं काही ठाऊकच नसतं. ती चांगली आहे, हुशार आहे, द्रष्टी आहे. आणि ती मरते म्हणून आपल्याला आवडते. जगली असती तर लाडकी राहिली असती की नाही, मला शंका आहे.

आता टी'प्रिंग. 15 सप्टेंबर 1967 ला दुसऱ्या वर्षाची सुरुवात ज्या भागाने झाली, तो थिओडोर स्टर्जन यांनी लिहिलेला. व्हल्कन ग्रहावरचा, तर्काने चालणारा, भावनांना थारा न देणारा स्पॉक अचानक बिथरतो, नर्स चॅपलने प्रेमाने आणलेलं सूप भांड्यासकट भिरकावतो. व्हल्कन पुरुषांना ठरावीक काळाने हा ताप येतो. त्या वेळी घरी जाऊन लग्न लावलं नाही तर जीव जातो. स्पॉकची वाग्दत्त वधू घरी आहेच. दोघं सात वर्षांची असताना आईवडिलांनी विधी करून त्यांची मनं जोडून ठेवलेली. लग्नापेक्षा कमी, साखरपुड्यापेक्षा जास्त, असं स्पॉकच सांगतो.

लहानपणी बांधलेली गाठ मोठेपणी नाकारणारी बाई म्हटल्यावर मराठी वाचकाला रखमाबाई आठवणारच. स्टर्जन यांच्या मनात त्या असण्याचं काही कारण नाही आणि मीही ते साम्य ताणणार नाही. एवढंच, की हा भाग बघताना आपल्याला तो विधी परग्रहावरचा वाटत नाही.

व्हल्कनच्या लाल आकाशाखाली, दगडी कमानींच्या रिंगणात लग्नाची तयारी होते. टी'प्रिंग येते ती मिरवणुकीतून, चंदेरी कपड्यांत, एक शब्द न बोलता. स्पॉक घंटेवर टोला द्यायला निघतो तेव्हा ती पुढे होऊन त्याला अडवते आणि द्वंद्वाची मागणी करते. तिच्यासाठी कुणीतरी स्पॉकशी लढायचं, हा तिचा हक्क. टी'पाउ ही बुजुर्ग बाई (सेलिया लोव्हस्की; काय जरब आहे त्या आवाजात!) तिला बजावते की जो जिंकेल त्याची तू मालमत्ता होशील, तयारी आहे का? ती हो म्हणते. स्टॉन नावाचा तिचा प्रियकर छाती काढून उभाच असतो. सगळे, तो स्वतःसुद्धा, धरून चालतात की ती त्यालाच निवडणार. ती बोट दाखवते कर्ककडे.

पुढची मारामारी तुम्हाला आठवत असेल, ते प्रसिद्ध संगीतही. मॅकॉयच्या सुईमुळे कर्क मेल्यासारखा पडतो, स्पॉकचा ताप उतरतो, आणि मग तो टी'प्रिंगकडे वळून खुलासा मागतो. हा प्रसंग दोन मिनिटांचाही नसेल. मी तो कितीदा पाहिलाय, सांगायची सोय नाही.

ती सांगते ते असं. तू आपल्या लोकांत फार प्रसिद्ध झालास, जवळजवळ दंतकथाच झालास. आणि मला दंतकथेची बायको व्हायचं नव्हतं. कायद्याने सुटका हवी तर द्वंद्व हा एकच मार्ग. मला स्टॉन हवा होता, त्याला मी. तुझा कॅप्टन जिंकला असता तर त्याला मी नको होते, म्हणजे मला स्टॉन. तू जिंकलास तर मी तुला आव्हान दिलं म्हणून तू मला सोडशील, म्हणजे पुन्हा स्टॉन. आणि नाही सोडलंस तरी तू जहाजावर निघून जाणार. तुझं नाव, तुझी इस्टेट माझ्याकडे, आणि स्टॉन इथेच.

बघा, तिने स्टॉनला का निवडलं नाही. तो लढला असता तर मेलाही असता. तिच्या हिशेबात प्रत्येकाचा जीव पणाला लागतो, फक्त तिला हवा असलेल्या माणसाचा नाही. स्टॉनला हे कळतही नाही. तो बिचारा 'ठरलं होतं, मीच लढणार' म्हणून कुरकुरतो आणि टी'पाउचं ऐकून गप्प बसतो. व्हल्कनवर तर्काचा एवढा डंका पिटणारे पुरुष त्या दिवशी रिंगणात एक ताप चढलेला आणि एक हिरमुसलेला असे होते. तर्क केला तो एकटीने. आणि तिच्या हाती होते ते नियम तिने केलेले नव्हते. बाई मालमत्ता असते, असं म्हणणाऱ्या कायद्यातली कलमं एकमेकांना भिडवून तिने स्वतःची सुटका करून घेतली.

स्पॉक हे निर्दोष तर्कशास्त्र आहे अशी कबुली देतो. त्याच्या तोंडून याहून मोठी दाद कुणाला मिळालेली नाही. आणि लगेच तो स्टॉनकडे वळून सांगतो की ही आता तुझी, पण हवंसं वाटण्यात जी मजा असते ती मिळण्यात नसते, हे तुला कळेल. या वाक्याचं चाहत्यांना फार कौतुक. पोस्टरांवर छापलं जातं. मला त्यात दुखावलेला नवरामुलगाच दिसतो. आत्ताच जिची बुद्धी मान्य केली, तिला तो दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, तेही तिच्याशी न बोलता.

दुष्टपणाचा आरोप मी झटकून टाकत नाही. कर्क होकार देतो तेव्हा ही लढाई मरेपर्यंतची आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि टी'प्रिंगला ते पक्कं माहीत असतं. परक्या माणसाचा जीव तिने सरळ हिशेबात धरला. हे क्रूर आहे. पण तिथे जमलेल्या सगळ्यांच्या वाटणीला ही क्रूरता येते, आणि टी'पाउ तर तिला सोहळा म्हणते. शिव्या मात्र एकट्या टी'प्रिंगला. स्पॉकवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांनी तिला माफ केलं नाही त्याचं खरं कारण वेगळं असावं: तिला स्पॉक नको होता.

भूमिका करणारी आर्लीन मार्टेल हा एक स्वतंत्र विषय आहे. जुन्या विज्ञान मालिकांची आवड असेल तर हा चेहरा तुम्ही आधी पाहिलाय. 1961 मध्ये 'ट्वायलाइट झोन'च्या एका भागात शवागाराच्या दारातून बाहेर येऊन, अजून एकाला जागा आहे, असं गोड आवाजात सांगणारी नर्स तीच. तेव्हा ती आर्लीन सॅक्स या नावाने काम करायची. 1964 मध्ये 'आउटर लिमिट्स'मध्ये, एलिसन यांनीच लिहिलेल्या काचेच्या हाताच्या कथेत, ती कॉन्सुएलो होती. नायकाच्या प्रेमात पडते, आणि तो माणूस नसून यंत्र आहे हे कळल्यावर निघून जाते. तीन गाजलेल्या मालिका, तीन पाहुण्या, आणि डोळे तेच. 2014 मध्ये ती गेली. 2022 मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेत टी'प्रिंग परत आली, गिया संधू ती करते. तिथे तिला नोकरी आहे, विनोदबुद्धी आहे, स्पॉकची बाजू समजून घेण्याची तयारी आहे. छान काम करते. तरी मला वाटतं, तिची बाजू प्रेक्षकाला पटावी म्हणून ती इतकी गोड करायची गरज नव्हती.

दुसरा नंबर कुणाचा, हेही विचारता. शत्रुपक्षातल्या, रोम्युलन कमांडरचा. 27 सप्टेंबर 1968 चा भाग, भूमिका जोॲन लिनव्हिल यांची. तीन जहाजांची ही सेनानी स्पॉकला आपल्या बाजूला ओढू पाहते, आणि तो तिला गुंतवून ठेवतो तोवर कर्क अदृश्य होण्याचं यंत्र पळवतो. तिचं नाव आपल्याला कधीच कळत नाही. ती ते स्पॉकच्या कानात सांगते. तो भाग लिहिला डी. सी. फोंटाना यांनी. डी. म्हणजे डोरोथी, बाईच्या नावाने पटकथा दिली तर कोण घेईल, म्हणून आद्याक्षरं. स्पॉकची आई अमांडाही त्यांनीच लिहिली, आणि बीजाणूंच्या नशेत स्पॉकला हसायला लावणारी लीला कॅलोमीही. आंधळी असूनही कुणाची दया न घेणारी डॉक्टर मिरांडा जोन्स लिहिली जीन लिसेट अरोस्ट या ग्रंथपाल बाईंनी. बर्फयुगात एकटी अडकलेली झाराबेथही त्यांचीच. मूक जेमची कथा जॉइस मस्कॅट यांची. सगळ्या लाडक्या पाहुण्या बायकांनीच लिहिल्या असं मी म्हणणार नाही, कारण खुद्द टी'प्रिंग एका पुरुषाची आहे. पण स्वतःचा काही उद्योग असलेल्या पाहुण्या शोधायला बसलात तर याच नावांशी पुन्हापुन्हा याल.

आणि मार्ला मॅक्गिव्हर्सबद्दल विचारू नका. इतिहास शिकलेली बाई हुकूमशहाच्या पिळदार दंडांकडे बघून जहाज त्याच्या हवाली करते, हे मला आजही पटत नाही. मॅडलिन र्‍हू यांनी जीव ओतून काम केलंय, त्यांचा दोष नाही.

तर ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: ईडिथचा भाग आधी बघा, रडून घ्या. मग टी'प्रिंगचा. मारामारी चालू असताना अधूनमधून तिचा चेहरा दिसतो, तेव्हा कर्क-स्पॉकचं काय होतंय ते क्षणभर सोडून द्या. आणि ती दुष्ट आहे की नाही यावर माझ्याशी भांडायचं असेल तर तिचा हिशेब नीट ऐकून मगच या.